निळूचे हात

माझं तोंड फाटकं आहे, हे भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवाल्यापासून ह्यांच्या फोरमनपर्यंत कुणाला मी सोडत नाही. आणि माझ्याच पोटी निळू! एवढा चोवीस वर्षांचा घोडा, पण एक वाक्य बोलायचं तर घाम फुटतो. स्वतःचं नाव सांगायचं तरी न... न... वरच गाडी अडते. मग काय, मीच सांगून टाकते, ‘नीळकंठ.’ दुकानात, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे मीच त्याचं तोंड.

त्या आठवड्यात त्याच्यापुढं घरबसल्या करायच्या दोन नोकऱ्या होत्या. एक एम.पी. नगरातल्या बड्या कंपनीची. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना ऑनलाइन उत्तरं टाइप करायची. पक्की नोकरी, ठरलेली शिफ्ट, आणि दिवसभर तोंड उघडायला नको. दुसरी बहिऱ्या मुलांच्या ऑनलाइन शाळेची. सर बोलतील ते हातांच्या खुणांनी मुलांना सांगायचं. तीही सहा महिन्यांच्या करारावर. शेजारच्या क्वार्टरमधला दत्तू जन्मापासून बहिरा, त्याच्याशी खेळता खेळता निळू खुणा शिकला आणि पुढं रीतसर कोर्सही केला.

“अरे, चालून आलेली लक्ष्मी सोडतात का? मुकाट्यानं पहिली घे,” मी म्हटलं. कारखान्याच्या भोंग्यावर उठण्या-जेवण्यात जन्म गेला आमचा. जिला शिफ्ट नाही ती नोकरी कसली?

हे मात्र गप्प. ह्यांचं कामच तसलं. कारखान्यात क्रेनखाली उभं राहून इशारे द्यायचे. वर केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला त्या गोंगाटात काही ऐकू येत नाही. बोट वर करून गोल फिरवलं की माल वर उचल, मूठ वर धरली की थांब. घरीही तीच सवय. चहा हवा तरी बोट! बापलेकांचं सगळं खुणांवर भागतं आणि बोलायचं खातं एकट्या माझ्याकडे.

शाळेनं निळूला एका सकाळी एका तासाला खुणा करून दाखवायला सांगितलं होतं. त्याच दुपारी कंपनीचा फोन येणार होता, हो की नाही विचारायला. ह्यांची सेकंड शिफ्ट, म्हणून हेही घरी. आम्ही दोघं खोलीच्या दारात उभे राहिलो.

लॅपटॉपमधून सर सांगत होते, झाड आपलं अन्न कसं तयार करतं ते. आणि निळूचे हात... अगं बाई! काय सांगू! एका हाताचं पान झालं, दुसऱ्यातून त्याच्यावर ऊन सांडलं. बोटं मुळं होऊन खाली गेली आणि पाणी घेऊन वर चढली. हा धडा मी शाळेत घोकला होता, पण झाड जेवतं म्हणजे काय ते मला आज दिसलं. कुठं अडणं नाही, अडखळणं नाही. पडद्यावरच्या चौकटींतली ती पोरं पापणी न हलवता बघत होती. हा माझा मुलगा?

तेवढ्यात एका मुलीनं खुणांनी काहीतरी विचारलं. सरांना खुणा येत नव्हत्या. म्हणजे तिचा प्रश्न आता निळूनंच बोलून सांगायचा होता. झालं!

“स... सर, र... र...” निळू अडला. कान लालबुंद. मला काही राहवेना. ‘सर, जरा थांबा हं, तो सांगतोय,’ असं म्हणायला मी पाऊल उचललं, तोच ह्यांची मूठ माझ्या तोंडासमोर वर आली. थांब.

मी थांबले. सरही थांबले. ती मुलगी निळूच्या ओठांकडे बघत थांबली होती. कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही.

“र... रात को पे... पेड़ भूखा सोता है क्या?”

“वाह! क्या सवाल है!” सर खूश झाले. उत्तर सांगू लागले आणि निळूचे हात पुन्हा सुरू झाले. मी डोळे पुसले.

दुपारी कंपनीचा फोन माझ्याच मोबाइलवर आला. नंबर माझाच दिलेला असतो ना सगळीकडे. “नीळकंठजी की माताजी? तो हम उनकी हां समझें?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. निळू नेहमीसारखा माझ्याकडे बघत होता.

“उन्हीं से पूछिए,” मी म्हटलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

“न... न... न...” पलीकडून हॅलो, हॅलो चाललेलं. मी खालचा ओठ दातांत घट्ट धरला. “न... नहीं. मैंने दू... दूसरा काम चुन लिया है.”

फोन ठेवून तो हसला. “आई, तू ग... गप्प राहिलीस?”

काहीतरी खमंग बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर एक शब्द फुटेल तर शपथ. मग मी बोट वर केलं आणि गोल गोल फिरवत राहिले.