टायची कॉलर

शिवणशाळेत टाय बांधून येणारा मास्तर एकच, म्हणून पाठीमागे सगळे त्याला टायच म्हणायचे. गेल्या वर्षी त्यानं नोटीस बोर्डावर तक्ता लावला होता. 'माझा वर्ग : बाईमागे दिवसाला एक्केचाळीस कॉलर. मावशींचा वर्ग : पस्तीस.' पस्तीस लाल शाईत, शेजारी रडका चेहरा. मावशींच्या वर्गातल्या बाया तो बघून खरंच रडल्या. त्यांना शिकवणाऱ्या मावशी नाही रडल्या. त्यांनी तो चेहरा मनात टाचून ठेवला.

त्यातली मेख शाळेत सगळ्यांना माहीत होती. अर्जांचा गठ्ठा आधी टायच्या टेबलावर जायचा. घरी मशीन चालवलेल्या बाया तो स्वतःकडे ओढायचा आणि दोरा ओवताना अडखळणाऱ्या बाया मावशींकडे ढकलायचा. यंदा मॅनेजरबाईंनी सांगून टाकलं, एकच वर्ग राहील, मागे पडेल तो बंद.

मावशी भाचीकडे गेल्या. भाची आकडेवारीच्या ऑफिसात.

"याला सहप्रचरण विश्लेषण म्हणतात, मावशी."

"अगं, नाव घेतानाच जीभ शिवली जाईल माझी. सोपं सांग."

"दोघांच्या बाया पहिल्या दिवशी सारख्याच हाताच्या असत्या, तर शेवटी किती कॉलर झाल्या असत्या, ते काढायचं. पण त्यासाठी पहिल्या दिवसाचा आकडा हवा."

मावशींच्या डोळ्यांत चमक आली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी टायला गाठलं.

"सर, यंदा पहिल्याच दिवशी परीक्षा घ्या ना. तुमच्या बाया कशा चमकतील, सगळ्यांना कळू दे!"

टाय फुलला. परीक्षा झाली. त्याच्या वर्गाची सरासरी तीस, मावशींची अठरा. त्यानं झोकात सही ठोकली. मावशींनी कागद चोळीत ठेवावा तसा जपला.

तीन महिन्यांनी निकाल लागला : टाय चाळीस, मावशी छत्तीस. लगेच लाल पेन घेऊन टाय बैठकीला हजर.

मावशी साळसूदपणे मॅनेजरबाईंना म्हणाल्या, "बाई, माझ्या बाया अठरानं वाढल्या, सरांच्या दहानं. आठनं मीच पुढे."

टाय ताडकन उठला. "ही काय वजाबाकी? आधीच भरभर शिवणाऱ्या बाईची वाढ कमीच होणार! सुरुवातीचा फरक लक्षात घ्या की जरा!"

"काय म्हणालात सर? परत सांगा."

"सुरुवातीचा फरक! लक्षात! घ्या!"

"बाई, लिहून घेतलंत ना?" असं म्हणत मावशींनी पिशवीतून दुसरा कागद काढला.

"सर बरोबर बोलले. वजाबाकी मला फुकटचे मार्क देते. भाचीनं हिशेब लावलाय : दोन्ही वर्गांत, पहिल्या दिवशी एक कॉलर जास्त शिवणारी बाई शेवटी साधारण अर्धी कॉलर जास्त शिवते. दोन्ही वर्ग तीस आणि अठराच्या मधोमध, चोवीसवर आणून उभे करा. सरांचे सहा उतरले, म्हणजे शेवटच्या आकड्यातले तीन गेले : सदतीस. माझे सहा चढले, तीन आले : एकोणचाळीस."

"पण... हे अर्धं माझ्या वर्गात वेगळं असलं तर?"

"तेही तपासलंय. आलेखावर दोन्ही वर्गांच्या रेघा शेजारी शेजारी, समांतर जातात. तिरक्या असत्या तर हा हिशेब चाललाच नसता."

भाचीनं बजावलं होतं, 'दोनच्या फरकावर नाचू नकोस. बाया चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या नाहीत, त्यामुळे तू सरस हे काही सिद्ध होत नाही. फक्त त्याची बढाई जाते.' मावशींनी तेही जसंच्या तसं सांगून टाकलं. त्यांना त्याची बढाईच तर घालवायची होती.

मॅनेजरबाईंनी चष्मा काढला. "दोन्ही वर्ग राहतील. पुढच्या वेळी बाया चिठ्ठ्या टाकून वाटायच्या. अर्ज माझ्याकडे येतील."

"आणि बाई, बोर्डावर यंदाचा तक्ता?"

"सर लावतील."

मावशींनी टाचण्यांची डबी टायच्या हातात ठेवली. बोर्डाखाली दोन्ही वर्गांतल्या बाया गोळा झाल्या. टायनं घाम पुसत तक्ता टाचला. त्यावर दोन वर्गांच्या दोन रेघा होत्या, मावशींची वरची. रडका चेहरा मावशींनी मुद्दाम रेखाटला नव्हता. तिथं टायच उभा होता.

"सर," मावशी लाडानं म्हणाल्या, "डावी बाजू खाली गेली. जरा वर घ्या. समांतर हं."