आधी झाकण, मग शपथ

मित्रांनो, मी लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतले एक जुने कांडपयंत्र आहे. लोखंडी उखळांत माझी मुसळे एकाआड एक पडतात. बाजूला मोटार आहे आणि तिच्यापासून चाकापर्यंत एक रबरी पट्टा सतत फिरतो. मला घडवणाऱ्याने त्या पट्ट्यावर पत्र्याचे झाकण बसवले होते. "हे कधी काढू नका," असे त्याने बजावले होते आणि पहिल्या मालकांनी ते पाळले.

काय दिवस होते ते! उन्हाळ्यात गिरगाव-परळच्या बायका भाजलेल्या मिरच्या घेऊन रांगा लावत. शिंकत, डोळे पुशीत म्हणत, "मसाला कुटावा तर इथेच." माझी छाती फुगून येई.

पुढे दुकान त्यांच्या मुलाकडे, चिंतामणीशेठकडे आले. मीही म्हातारे झाले. पट्टा वरचेवर निसटू लागला. दर वेळी झाकण खोलायचे, पुन्हा बसवायचे. ऐन गर्दीत शेठ म्हणाले, "राहू दे उघडंच. सीझन संपला की बसवू." सीझन संपला. झाकण धण्याच्या पोत्यांमागे पडून राहिले.

तेव्हापासून मला चैन नाही. कुणी जवळून गेले की तिचा पदर पट्ट्यापासून किती दूर आहे, तेच मी पाहत राहते. मला हात आहेत ते फक्त कुटण्यासाठी. कुणाला मागे ओढायला एकही नाही.

माझ्यापाशी तिघी काम करतात. जुनी, तिखट जिभेची चंपा, हसरी सीमा आणि वरळीच्या चाळीतून येणारी प्रिती. प्रितीचे बाळ शेजारणीकडे असते आणि घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालते.

एका दुपारी चंपाचा पदर पट्ट्यात गेला. प्रितीने धावत जाऊन बटण बंद केले म्हणून निभावले.

"पदर गेला, चंपा शाबूत आहे," चंपा हसून म्हणाली. पण खांद्यावरची पिन काही तिला लावता येईना.

"पदर खोचून काम करायला काय होतं गं तुम्हाला?" शेठ म्हणाले.

"शेठ, झाकण बसवा ना," प्रिती म्हणाली.

"गणपती होऊ दे, बसवू."

गणपती आले नि गेले. मग एकदा मी बंद असताना माझ्याच आडोशाला उभे राहून प्रितीने सरकारी कचेरीत फोन केला. सगळे सांगितले आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, "साहेब, माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

साहेब आले. त्यांनी उघडा पट्टा पाहिला, शेठना ताकीद दिली. तिथवर ठीक होते. पण निघताना चहाचा घोट घेत ते सहज बोलून गेले, "तुमच्याच बाईने कळवलं म्हणून बरं, शेठ." नाव घेतले नाही. पण बाया तर तीनच होत्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मला धुतले, हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला. एवढे सजून मी कधी इतके घाबरले नव्हते. कारण नारळ वाढवून झाल्यावर शेठ म्हणाले, "आता एकेकीने यंत्रावर हात ठेवून सांगायचं, मी कळवलं नाही म्हणून. जिने कळवलं, तिने उद्यापासून येऊ नये."

प्रितीचा चेहरा उतरला. पूजेच्या यंत्रावर हात ठेवून खोटे बोलणारी ती नव्हे. खरे बोलली, तर काम गेले.

"शेठ," चंपा म्हणाली, "पूजा झाल्यावर आज यंत्राला हात लावत नाहीत. तुमच्या आईनंच शिकवलंय आम्हाला."

"बरं. मग उद्या ठेवा."

"ठेवू की. पण आधी झाकण बसवा. उघड्या यंत्राशी हात न्यायची मला आता भीती वाटते."

सीमाने तोंडाला पदर लावला. शेठची नजर धण्याच्या पोत्यांकडे गेली. दसऱ्याला पोत्यांमागून झाकण निघाले, झटकले गेले, चारही बोल्ट आवळले गेले.

"आता ठेवा हात," शेठ म्हणाले.

चंपाने ठेवला. "मी कळवलं नाही. पण पुन्हा उघडं दिसलं, तर मी कळवीन."

सीमाने ठेवला. तेच बोलली.

मग प्रिती. तिचा तळवा माझ्या पत्र्यावर ओला लागत होता. ती म्हणाली, "पुन्हा उघडं दिसलं, तर मी कळवीन."

एवढेच.

शेठ तिच्याकडे पाहत राहिले. चंपा आणि सीमा तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होते. शेठ पुटपुटले, "चला, कामाला लागा," आणि त्यांनी बटण दाबले.

मित्रांनो, झाकण आज जागेवर आहे. तरी रोज सकाळी प्रितीचा आवाज कानी पडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. शेठच्या मनात काय आहे, मला काय ठाऊक? उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी शेठ, कुणी साहेब. धोका आहे असे कुणी सांगत आले, तर आधी धोका पाहायला धावा. कोणी सांगितले ते विचारू नका, आणि ठाऊक असले तर चहा पितानाही बोलू नका. माझ्यावर पत्र्याचे झाकण आहे, मित्रांनो. प्रितीवर तुम्हीच घालायचे आहे.