गार पाण्याची शक्ती

बाबांच्या सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीवर आठ वर्षांची चिमणी बसली होती. शेजारी तिची आई, शिवणकामावर घर चालवणारी बाई, जीव मुठीत धरून उभी होती.

"आता शक्ती उतरणार!" म्हणत बाबांनी पडद्यामागून आणलेल्या तांब्यातलं पाणी पोरीच्या तोंडात ओतलं. चिमणी किंचाळली, गाल धरून थरथरू लागली.

"विचारा!" बाबा गरजले.

एका गृहस्थाने हात जोडले. "माते, माझ्या चपला हरवल्यात."

पळून जायच्या आशेने चिमणीने दाराकडे बोट दाखवलं. चपला दाराबाहेरच निघाल्या! जयजयकाराने छत दणाणलं.

आईला मात्र घरचं आठवत होतं. पोर घास तासभर गालात धरून बसे, ब्रश पाहिला की रडे. "शक्तीला अन्न लागत नाही," बाबा म्हणाले होते, "उद्यापासून शाळा बंद, ती इथेच राहील." आई हो म्हणून बसली होती, पण न राहवून तिने दातांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं होतं. त्याच आता गर्दीतून पुढे आल्या.

"बाबा, हेच पाणी कोमट करून द्या ना."

कुणीतरी ते कोमट करून पेल्यात आणलं. चिमणीने पेला घटाघट रिकामा केला. "अजून आहे?"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"शक्तीला कोमट चालत नाही!" बाबा खेकसले.

"मग गार तुम्ही प्या."

सगळे बघत होते. बाबांनी तांब्या तोंडाला लावला, आणि किडक्या दाढेला पाणी लागताच "आई गं!" करत उडालेच.

"बाबांच्याही अंगात आली!" मागून एक आजोबा ओरडले. "बाबा, माझी छत्री कुठंय?"

आता हशा पिकला. कुणीतरी पडदा बाजूला केला तर मागे बर्फाची पेटी!

डॉक्टरीणबाईंनी टॉर्चने चिमणीच्या दाढा दाखवल्या. पिवळट, चुरा झाल्यासारख्या. "दात तयार होतानाच वरचं कवच कच्चं राहिलं. म्हणून गार लागलं की कळ जाते, चावताना दुखतं."

"मी तर तिला हट्टी म्हणत होते," आई पुटपुटली.

"बऱ्याच मुलांना होतं हे. तुमचा दोष नाही, तिचाही नाही. लेप लावू, गरज पडली तर दाढेवर टोपी बसवू."

महिन्याभरात चिमणी दोन्ही बाजूंनी चावून जेवू लागली आणि शाळेतही जाऊ लागली.

तेव्हा मंडळी, लेकरू किंचाळलं तर हात जोडू नका. आधी त्याला विचारा, "बाळा, कुठे दुखतंय?"