चौकटीवरचा डहाळा

"डहाळा कुणी काढला?"

मालनने विचारलं तेव्हा तिचा नवरा अंगद खाली मान घालून कांदा चिरत होता. त्याने चाकूच्या टोकाने भट्टीकडे दाखवलं. भट्टीत कडुलिंबाची पानं तडतडत होती. शेजारी सासरे, भगवानराव, कढईत तेल ओतत होते.

"पंचायतीनं बाजार उघडलाय," ते म्हणाले. "गोवर हटला गावातून."

"आपल्या घरातून कुटं हटलाय, मामा? माजी छबी आत तापानं फणफणायलीय. कालच अंगावर उठलंय."

बोरी गावात कुणाच्या घरात गोवर निघाला की चौकटीला लिंबाचा डहाळा लागायचा. मग परकं माणूस उंबरा ओलांडायचं नाही, घरात फोडणी पडायची नाही. परभणीला बी. ए. झालेल्या मालनला पूर्वी याचं हसू यायचं. मग गावातली लेकरं गेली, बाजार बंद झाला, आणि नर्सबाई दारोदार सांगत फिरल्या की आजारी लेकराजवळ दुसरं लेकरू येऊ देऊ नका. डहाळा तरी दुसरं काय सांगत होता?

"बाजार उघडू द्या की," ती म्हणाली. "लोकांनी खावं काय? पन ज्याच्या घरात हाय त्यानं तरी दार लावावं. एवढा एक बाजार."

"आपलं हाटेल बंद, आन् समोर भुजंगचं चालू? गिऱ्हाईक एकदा तिकडं बसलं की परत येतंय व्हय?" भगवानराव हसले. "कॉलेज शिकलेली सून, आन् देवीचा डहाळा धरून बसायलीय. तितं काय शिकवलं मंग तुमाला?"

"तुमी तरी बोला," ती अंगदला म्हणाली.

"मी काय बोलू? पडदा वडून घे."

सासऱ्यांच्या हसण्यापेक्षा नवऱ्याची ती खाली घातलेली मान तिला जास्त झोंबली. तिने पडदा ओढला. पुढे हॉटेल, मागे घर, मधे जुन्या लुगड्याचा पडदा. जणू गोवर विचारूनच आत-बाहेर करणार होता.

दुपारी बाकं भरली. मालन पाणी आणायला परसात गेली आणि परत आली तर छबीच्या अंथरुणावर आणखी एक चिमुरडी बसलेली. दोघी मिळून एक भजं खात होत्या.

"सोने, कुटं गेली गं?" पडद्यापलीकडून धुरपताबाईचा आवाज आला. शेळ्या राखणारी म्हातारी, नातीला घेऊन बाजाराला आली होती.

मालनने पोरीला उचलून बाहेर आणलं. "मावशी, आत गोवर हाय. माज्या पोरीला."

बाकांवरची माणसं वळली. धुरपताबाईने आधी चौकटीकडे बघितलं.

"डहाळा न्हाई की दारात. भुजंगच्या शेजाऱ्याकडं दिसला म्हनून तितं बसले न्हाई. दारं बघत बघत आले, बाई."

"येड लागलं का तुला?" भगवानराव सुनेवर ओरडले.

मालनने पोर म्हातारीच्या हवाली केली. परसातल्या लिंबाची फांदी मोडून आणली, बाकावर चढली आणि सगळ्यांच्या देखत सुतळीने चौकटीला आवळून बांधली. लोक अर्ध्या बशा टाकून उठले. कढईतली भजी काळी पडली. ती काढायला कुणी पुढे झालं नाही, अंगदसुद्धा.

छबी उठली, अंगणात खेळायला लागली. डहाळा वाळला तेव्हा तो उतरवला. बाकं पुन्हा भरू लागली. गिऱ्हाईक परत आलं म्हणून भगवानराव खुशीत होते.

अशाच एका बाजारी धुरपताबाई हॉटेलसमोर येऊन थांबली. हातात शेळीचं दावं होतं. कडेवर कुणी नव्हतं. मालन धावत बाहेर आली, म्हातारीच्या मागे नात दिसते का बघू लागली.

"गेली," म्हातारीच म्हणाली. "लय पानी पानी केलं."

"धुरपताबाई, ये की आत," गल्ल्यावरून भगवानराव म्हणाले. "चहा घे. पैशे नको देऊ."

म्हातारी चौकटीकडे बघत होती. तिथे सुतळीची गाठ तेवढी उरली होती.

"आता न्हाई कुनाला," मालन म्हणाली. "डहाळा न्हाई बघा. या मावशी, आत सावलीला बसा."

"तवाबी न्हवताच की डहाळा," धुरपताबाई म्हणाली, आणि शेळी ओढत उन्हातून पुढे गेली.