एका बिलावर दोन पिशव्या

शुभदाचं पत्र आल्यावर पावसाळा गेला, दिवाळीही गेली. मला ऐकू कमी येतं, फोनवर तर काहीच कळत नाही, म्हणून तिनं कागदावर लिहिलं होतं. "काका, पेडगावची जमीन आईच्या नावावर होती. ती विकून बाबांना पैसा दुकानात घालायचा आहे. माझी सही मागतात. दुकान चांगलं चालतंय म्हणतात. तुम्ही रोज तिथं बसता. खरंच चालतंय का?"

रंगनाथरावांचं, म्हणजे शुभदाच्या वडिलांचं, किराणा दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी सकाळचा पेपर तिथंच वाचतो. वसमत रोडला मोठं मार्ट झालं तेव्हा दुकान ओस पडलं होतं. उन्हाळ्यापासून मात्र माणसं पुन्हा येऊ लागली. साखर, तेल, साबण. रंगनाथरावांचे हात थांबत नव्हते. चालतंय, एवढंच लिहायचं होतं. पण व्यापारातलं मला काय कळतं? जन्मभर पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवले. लिहायला बसायचो आणि उठायचो.

गेल्या रविवारी सून, सुकेशनी, मला मार्टात घेऊन गेली. दुकानावरून जायला नको म्हणून मी रिक्षा मागच्या रस्त्यानं घ्यायला लावली. ती हसली. "मामा, आपण काय चोरी करायला जायलोत का?"

आत साखरेच्या ढिगापाशी रंगनाथराव उभे होते. पुढ्यात ट्रॉली. मी तोंड फिरवणार तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला. शरमले असतील असं वाटलं, पण ते तर खुशीत होते.

"बरे सापडलात, सर!" ते माझ्या कानाशी वाकले. "हितं एका बिलावर दोनच पिशव्या देतेत. दोन तुमी घ्या, दोन सूनबाईच्या बिलावर. पैसे मी देतो."

"एवढी साखर कशाला?"

"दुकानाला! मोंढ्यातल्या ठोक भावापेक्षा हितं स्वस्त हाय. तेलबी हितलंच नेतो."

"आणि विकता कितीला?" सुकेशनीनं विचारलं.

"हितल्याच भावात. रुपया जास्त लावला की गिऱ्हाईक हितंच यील की."

"मग काका, तुम्हाला काय उरतं?"

"गिऱ्हाईक उरतंय, ताई. एकदा पाय वळले की डाळ, मसालाबी घेतेत. गर्दी सर रोज बघायलेत की. विचारा त्यांना!"

बिलं करून निघालो तेव्हा दारावरचा वॉचमन ट्रॉलीकडे बघत म्हणाला, "काय शेटजी, तिसरी चक्कर का?"

"तुमचंच दुकान चालवायलोय, बाबा," रंगनाथराव म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

मी माझ्या नावावर दोन पिशव्या घेतल्या होत्या. नाही म्हणायला जमलं नव्हतं.

त्यांच्याच रिक्षात दुकानापर्यंत आलो. त्यांनी पिशव्या कापून साखर पत्र्याच्या डब्यात ओतली आणि मार्टाचं नाव छापलेल्या रिकाम्या पिशव्या मागच्या बोळात नेऊन जाळल्या. प्लॅस्टिकच्या धुराचा वास दुकानभर पसरला. तेवढ्यात शेजारच्या नर्मदाबाई आल्या, अर्धा किलो साखर मागितली. रंगनाथरावांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"मावशी, तूरडाळ बघा. नवी आलीय."

नर्मदाबाईंनी डाळ ओंजळीत घेतली, नखानं एक दाणा फोडला आणि सगळी परत पोत्यात टाकली. "राहू द्या. डाळ मार्टातली बरी निघती. तुमचं दुकान जवळ हाय म्हणून साखर नेते."

त्या गेल्यावर रंगनाथराव म्हणाले, "शेताचे पैसे आले की डाळबी मार्टातलीच आणतो. मग कशी न्हेत न्हाई बघू."

घरी येऊन मी लिहिलं. "शुभदा, गिऱ्हाईक येतं, पण दुकान चालत नाही. तुझे बाबा मार्टातला माल आणून त्याच भावात विकतात. जमीनही त्यातच जाईल. सही करू नकोस. मी हे कळवलं हे त्यांना समजेल, तेव्हा ते मला दुकानाच्या पायरीवर बसू देतील असं वाटत नाही. उशीर झाला. काका."

सकाळी पाकीट घेऊन निघालो. रंगनाथराव दुकानासमोर पाणी मारत होते.

"पेपर सोडून कुठं निघालात, सर?"

"पोस्टात."

त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलं. चेहरा उजळला. "आमच्या शुभदाला? लय बरं केलंत! तुमचं ऐकती ती. सही लवकर कर म्हणावं."

मला पाकीट खिशात घालून परत फिरता आलं असतं. मी नुसती मान हलवली. पोस्टापर्यंत चालत गेलो आणि पाकीट पेटीत टाकलं.