हातोडीतला कान

सासूबाईंची एक खोड आहे. समोरच्याला 'हो' म्हणायचं आणि मग आपलंच खरं करायचं. लग्न झाल्यापासून मी त्या 'हो'पुढे डोकं आपटतेय.

मी आणि माझा धाकटा दीर मिळून एक छोटं वर्कशॉप चालवतो. पुलांचे खांब आणि उंच धुराडी आतून पोकळ झालीत का, हे तपासणारे ड्रोन बनवतो. आमचा 'टकटक्या' काँक्रीटवर हातोडी मारतो आणि आवाज ऐकतो. पण पंख्यांच्या घरघरीत ऐकू काय येणार, कपाळ! तिथेच सगळ्यांचं घोडं अडलं होतं. मी माइक बाहेर न ठेवता हातोडीच्या दांड्यातच बसवला. गोष्ट एवढीशीच, पण ती सुचेपर्यंत माझी झोप उडाली होती.

पेटंटसाठी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी हातोडीचं 'आघातसाधन' केलं, माइकचं 'ध्वनिग्राहक', आणि ते शब्द पुन्हा पुन्हा बदलण्यात महिनेच्या महिने घालवले. शेवटी अर्ज एकदाचा गेला. हुश्श म्हणते तोच दीर फोन नाचवत आला.

"वहिनी, आईचा व्हिडिओ बघा! उन्हाळ्यात टाकलाय, केवढ्या लोकांनी पाहिलाय!"

त्यानं तो मधल्यापासूनच लावला. ओट्याशी सासूबाई, समोर उलटं पातेलं. "सगळे बाहेरून ऐकायला जातात. आमच्या टकटक्याचा कान हातोडीतच आहे!" मग चमचा दातांत धरून त्यांनी मान हलवत पातेल्यावर टकटक केलं. आवाज चमच्यातून दातांवाटे थेट कानात कसा पोचतो, हा खेळ मीच त्यांना शिकवलेला. वर मी फ्रिजवर चिकटवलेलं दांड्याचं चित्रही मापांसकट दाखवलं. मला पुढे बघवेना.

वकीलबाईंना फोन केला.

"अर्जाच्या आधीचा आहे?"

"हो."

"मग संपलं. जगानं आधीच पाहिलेली गोष्ट नवी आहे असं कुठल्या तोंडानं सांगायचं?"

घरी जाऊन मी थयथयाट केला. "आई, आत्ताच्या आत्ता काढा तो व्हिडिओ!"

"हो, काढते," भांडी पुसत त्या म्हणाल्या.

संध्याकाळी फोनवर पाहिलं, खरंच नव्हता. दिराच्या फोनवरही नव्हता. आयुष्यात एकदा तरी त्यांचं 'हो' खरं निघालं, पण बैल गेला आणि झोपा केला!

त्यात दुष्काळात तेरावा महिना. एका बड्या कंपनीची नोटीस आली. हातोडीत कान बसवण्याची कल्पना म्हणे त्यांची! अर्ज आमच्या आधीचा, आणि जलद तपासणीतून पेटंट मिळालेलंसुद्धा. टकटक्या ताबडतोब उतरवा, नाहीतर कोर्टात भेटू. आमचं पहिलं मोठं पुलाचं काम नुकतंच सुरू झालं होतं. टकटक्या उतरला असता तर वर्कशॉपला कुलूपच.

नोटीस वाचून वकीलबाई चक्क हसल्या. "अहो, ह्यांचा अर्ज पावसाळ्यातला. तुमच्या सासूबाई त्याच्याही आधीच्या! ह्यांचं पेटंटही टिकणार नाही. तुला ना मला, घाल कुत्र्याला. पण मग तुम्हाला काम करायला कुणी अडवणार नाही. तेवढा व्हिडिओ पाठवा."

"तो... मी काढायला लावला."

वकीलबाईंचं हसू मावळलं.

घरी आले तर सासूबाई निवांत टीव्ही बघत होत्या. "आई, त्या व्हिडिओची कुठे कॉपी आहे का हो?"

"कॉपी कशाला? आहे की तिथेच."

"मला दिसत नाही!"

"तुम्हा दोघांना दिसू नये एवढंच केलं. शेजारणीनं शिकवलं. बाकी सगळ्यांना दिसतो."

म्हणजे अख्खं जग बघत होतं आणि मी आपली कपाळाला हात लावून बसले होते! चिडावं की पाया पडावं, कळेना. मी त्यांच्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला आणि व्हिडिओ सुरुवातीपासून लावला. पहिलंच वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

"हे माझ्या सुनेनं शोधून काढलंय, बरं का. दुसऱ्या कुणी नाही."

आता पेटंटवर कुणाचंच नाव राहणार नव्हतं. माझं नातं त्या कानाशी लावणारं हे एवढं एकच वाक्य, आणि ते त्या कंपनीच्या वकिलांनाही ऐकावं लागणार होतं. मला रडूच फुटलं.

"आई, आता मलाही दिसू द्या ना तो."

"हो," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा टीव्हीकडे वळल्या.