मला खिळे ठोका

मी रॅम्प बोलतोय, विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचा. इमारतीचा म्हणायचं एवढंच. मुक्काम कायम मागच्या स्टोअरमध्ये, मोडक्या बाकांच्या बुडाशी.

सुतारमामांनी मला जुन्या व्यासपीठाच्या फळ्यांतून घडवलं. त्यामुळे समान संधीवरची भाषणं मी जन्माआधीच ऐकून बसलोय. तपासणी समिती आली की मला दारातल्या दोन पायऱ्यांवर टाकायचं, फोटो काढायचा आणि समितीची पाठ वळली की पुन्हा आत ढकलायचं. ज्यांच्यासाठी मी झालो, त्या सहायक ग्रंथपाल ताई व्हीलचेअरवरून हे सगळं लांबूनच बघत.

त्यांची बढतीची पहिली मुलाखत हुकली, कारण स्टोअरची किल्ली सापडेना. चौघं जण उचलून न्यायला तयार होते.

"पोत्यासारखं उचलून न्याल," ताई म्हणाल्या, "आणि मग विचाराल, जबाबदारी पेलवेल का?"

त्या खालीच थांबल्या. आत त्यांच्या नावापुढे गैरहजर असा शेरा पडला. कुलपामागे माझा नुसता जळफळाट झाला.

यंदा मुलाखतीच्या दिवशी त्यांनी मला सकाळीच बाहेर काढायला लावलं. चाकं माझ्यावरून गेली; मी कुरकुरलो, पण तग धरला. दार लागलं. मी कान टवकारून बसलो, तोच स्टोअरवाले काका आले. मॅडम आत गेल्या, म्हणजे काम झालं, असं पुटपुटत त्यांनी मला फरफटत परत नेलं. अहो काका, त्या बाहेर कशा येणार? पण लाकडाचं ऐकतो कोण!

थोड्या वेळाने काका धापा टाकत मला पुन्हा न्यायला आले. पाहतो तर ताई दारात अडकलेल्या आणि त्यांच्यामागे कुलसचिवांसह अख्खी निवड समिती. जेवणाची वेळ टळत चालली होती. किती वेळ थांबायचं, असं मागून कुणीतरी वैतागून म्हणालं.

ताईंनी मान वळवली. "मागच्या वेळी मी याच पायऱ्यांशी थांबले होते, साहेब. तुम्ही गैरहजर लिहिलंत."

काकांनी मला घाईघाईने पायऱ्यांवर टाकलं.

आता ताई ग्रंथपाल आहेत. रुजू होताच त्यांनी मला इथे कायमचा ठोकून घ्यायला सांगितलं. सुतारमामा उद्या येणार म्हणतात. कालही उद्याच म्हणत होते. किल्ल्यांचा जुडगा वाजला की अजून माझ्या फळ्या थरथरतात.

तुम्ही इकडून गेलात, तर मला एक लाथ घालून बघा. हललो, तर तसेच पुढे जाऊ नका. आत जा आणि विचारा, खिळे कुठे आहेत.